नंदाखालची आघाडी

२४ फेब्रुवारी १९४४, गुरुवार

वसईच्या मामलेदार कचेरीतून आज लखोटा आला. नंदाखालच्या ग्रामरक्षक दलाचा प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली आहे. पत्र तीनदा वाचलं. तिन्ही वेळा नाव माझंच होतं : सेबेस्टियन तुस्कानो, गार्ड (निवृत्त).

दोन वर्षांपूर्वी रंगून पडलं तेव्हा जपानी आता आपल्या किनाऱ्यावर उतरणार, या भीतीने हे दल उभारलं होतं. पहिले प्रमुख शाळेचे हेडमास्तर. त्यांची बदली झाली आणि दल शाळेच्या कपाटात कुलूपबंद राहिलं. आता किल्ली माझ्याकडे आहे.

लुईझा म्हणाली, "अहो, त्यांना कळवा की तुम्ही आगगाडीचे गार्ड होता."

मी म्हणालो, "सरकार विचार केल्याशिवाय नेमणूक करत नाही. तीस वर्षं मी शेवटच्या डब्यात उभा राहिलो. पिछाडी सांभाळणं हे युद्धातलं सगळ्यात जोखमीचं काम."

"आणि शत्रू पुढून आला तर?"

"पुढे ड्रायव्हर असतो."

तिने तांदूळ निवडायला घेतले. लष्करी गोष्टी बायकांना समजावणं अवघड जातं.

प्रमुखाने रोजनिशी ठेवावी असं पत्रात आहे, म्हणून ही वही. सगळं खरं लिहायचं ठरवलं आहे.

२७ फेब्रुवारी, रविवार

मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात शिट्टी वाजवून भरती जाहीर केली. शिट्टी माझी स्वतःची, रेल्वेची. नऊजण आले. गेल्या खेपेला सहाच होते म्हणे.

कपाट उघडलं. तीन लोखंडी टोप्या, एक स्ट्रेचर, हाताने फिरवायचा एक भोंगा. भोंगा फिरवून पाहिला. आधी नुसतीच करकर झाली, मग बोकड ओरडल्यासारखा आवाज आला. तेल द्यायला हवं.

नऊजणांत तिघे कामाचे. काळूराम भंडारी, माडावर खारीसारखा चढतो, तो टेहळणीला. सायमन लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवतो, तो बिगुलवाला. आणि ऑगस्टीन, शेजारच्या केळीच्या वाडीतला, चोवीस वर्षांचा. मुलगा तरतरीत आहे, पण सालोमीचा आहे. सहा वर्षांपूर्वी बांधावरच्या फणसाच्या फांद्या मी तोडल्या, तेव्हापासून ती बाई माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही. पण युद्धकाळात असलं मनात ठेवून चालत नाही. मी ऑगस्टीनला दुय्यम प्रमुख केलं. तो इतका आनंदला की मलाच नवल वाटलं.

५ मार्च, रविवार

टेहळणीची घडी बसली. काळूराम दिवसातून दोनदा, सकाळी आणि उन्हं कलताना, वेगवेगळ्या माडांवर चढून समुद्र पाहतो. एकच माड का नाही, असं मी विचारलं. म्हणाला, "गार्डसायब, येकाच झाडावर रोज दिसलो तर जपान्याला वळख पटंल." युद्धाचं असं उपजत ज्ञान मी शिकलेल्या माणसांतही पाहिलं नाही.

संध्याकाळी तो खाली उतरायच्या सुमारास आख्खं दल माडाखाली जमलेलं असतं. बोलवावं लागत नाही. टेहळणीचा अहवाल ऐकायची एवढी उत्सुकता! कोणीकोणी घरून पेलाही आणतो. मी काळूरामच्या मडक्याकडे बोट दाखवून विचारलं, तर म्हणाला, "पानी हाय, गार्डसायब." बरोबरच आहे. उपवासकाळ चालू आहे आणि राखेच्या बुधवारी सगळ्यांनी फादरसमोर ताडी-माडी सोडल्याचं कबूल केलं आहे.

अहवाल ऐकून माणसं फार समाधानाने घरी जातात. काही तर गात जातात.

१२ मार्च, रविवार

ऑगस्टीनने आज एक सूचना केली. शत्रू आधी पाणी नासवतो, तेव्हा गावातल्या एका मोक्याच्या विहिरीवर पहारा हवा. कुठल्या, असं विचारल्यावर त्याने थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाला, "तुमच्याच, साहेब. प्रमुखाची विहीर पहिली."

मला ही गोष्ट आधी सुचायला हवी होती. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ तो स्वतः पहारा देणार आहे.

१९ मार्च, रविवार

संत जोसेफचा सण. कवायत घेतली. नीट झाली नाही.

सायमनला लष्करी बिगूल येत नाही, फक्त लग्नाच्या चाली येतात. म्हणून ठरवलं : नवरी मांडवात येते ती चाल वाजली की सगळ्यांनी जमायचं, वऱ्हाड निघतं ती चाल वाजली की माघार. पहिली चाल वाजताच दल जमायच्या आधी तीन म्हाताऱ्या ठेवणीतली लुगडी नेसून रस्त्यावर आल्या. थोड्या वेळाने फादरनी माणूस पाठवला, उपवासकाळात कोणाचं लग्न लागतंय म्हणून.

लुईझाने सगळ्यांना रताळी उकडून दिली. कवायतीला नऊ होते, रताळ्यांना चौदा.

२८ मार्च, मंगळवार

विहिरीवरचा पहारा उत्तम चालू आहे. ऑगस्टीन एक दिवस चुकला नाही. आमची मुलगी रोझलीनही आता पाणी आणायला कुरकुर करत नाही. पूर्वी दिवसाला चार कळश्या आणताना तोंड वाकडं करायची, आता अकरा आणते. घरात पाणी ठेवायला भांडं उरलं नाही. संरक्षणाची खात्री असली की नागरिकांचा उत्साह कसा वाढतो, याचं हे उदाहरण मी वरिष्ठांना कळवणार आहे.

एक अडचण. तिसऱ्या टोपीत लुईझाच्या कोंबडीने अंडी घातली आणि ती उबवायला बसली. टोपी सरकारी आहे, असं मी सांगितलं. लुईझा म्हणाली, "मग तुम्हीच उठवा तिला." हात पुढे केला. कोंबडीने चोच मारली. एकवीस दिवस दोन टोप्यांवर भागवायचं.

२ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

झोप लागत नाही. खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो. जपानी खरोखर आले तर मी काय करणार, हे मला माहीत नाही. गाडीत मला ठाऊक असायचं : लाल निशाण दाखवायचं, गाडी थांबते. समुद्राला कुठलं निशाण दाखवायचं?

हे लुईझाला सांगितलं नाही. तिने मात्र न विचारता माझ्या उशाशी सुंठ-पाणी आणून ठेवलं.

११ एप्रिल, मंगळवार

ईस्टर छान झाला आणि लगेच हा लखोटा. किनाऱ्याचा धोका टळला असल्याने ग्रामरक्षक दलं बरखास्त करण्यात येत आहेत. सर्व साहित्य पंधरा तारखेच्या आत मुंबईला गोदीजवळच्या सरकारी कोठारात जमा करून पावती घ्यावी.

दल जमवून पत्र वाचून दाखवलं. सायमनने विचारलं, "म्हणजे टेहळणीही बंद?" त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. काळूराम म्हणाला, "तसं नाय, गार्डसायब, मी आपला चढत राहीन." मला भरून आलं.

१३ एप्रिल, गुरुवार

साहित्य मुंबईला कोणी न्यायचं? मी स्वतः निघालो होतो, पण गुडघा धरला आहे. ऑगस्टीन लगेच तयार झाला. उद्या सकाळच्या गाडीने विरारहून निघेल, दोन टोप्या, स्ट्रेचर आणि भोंगा घेऊन. तिसऱ्या टोपीबद्दल मी चिठ्ठी दिली आहे : 'अपरिहार्य कारणास्तव नंतर.'

साहित्य घेऊन तो आमच्या घरून निघताना रोझलीनने त्याच्या हातात पुरचुंडी दिली. वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी होती. सरकारी कामावरच्या माणसाची शिदोरी घराने द्यावी, हे तिला सुचलं याचा अभिमान वाटला.

१४ एप्रिल, शुक्रवार

क्रमाने लिहितो.

चार वाजून गेले होते. मी ओटीवर बसून दलाचा शेवटचा अहवाल लिहीत होतो. 'या काळात शत्रूकडून कोणतीही हालचाल' इथपर्यंत आलो आणि घर हललं. आवाज कानाआधी पायांना लागला. कपाटातल्या बश्या किणकिणल्या, भिंतीवरची तसबीर तिरकी झाली. मी जेवढा लिहिला होता तेवढ्यावर अहवाल मिटला.

बाहेर सगळं गाव रस्त्यावर. कोणी म्हणे धरणीकंप, कोणी म्हणे अर्नाळ्याला जपानी उतरले. मी काळूरामला माडावर चढवलं.

"काय दिसतं?"

"समिंदर."

"समुद्रावर काय दिसतं?"

"कायबी नाय. पन दखनेला धूर हाय, गार्डसायब. काळा. ढगावानी वर चाललाय."

माझी योजना तयार होती : पुरुषांनी किनाऱ्याकडे, बायका-मुलांनी चर्चमध्ये. ती मी मोठ्याने जाहीर केली. सायमनला जमण्याची चाल वाजवायला सांगितली. घाबरून त्याने माघारीची वाजवली. आणि तेवढ्यात दुसरा धमाका झाला, पहिल्याहून मोठा. काळूराम इतक्या वेगाने कोणत्याही माडावरून उतरला नसेल. तो उतरला नाही, आलाच. पुरुष चर्चमध्ये घुसले. बायका मुलांना हाका मारत रस्त्याने धावू लागल्या. माझं दल मात्र कुठेच दिसेना.

शोधत शोधत वाड्यांच्या मागे गेलो, तर दल बावखलात. उन्हाळ्यात त्या तळ्यात मांडीभर पाणी उरतं, बाकी चिखल. त्यात सगळे गळ्यापर्यंत बसलेले. सायमनने कॉर्नेट डोक्यावर धरलं होतं.

काठावर उभं राहून मी हजेरी घेतली. दुसरं काय करावं ते सुचेना. आठ भरले. नववं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं.

नववा मी मुंबईला पाठवला होता. धूर दक्षिणेला होता.

तेवढ्यात पाठीमागून रोझलीन धावत आली. केस सुटलेले, पायांत काही नाही. "बाबा, ते कोठार कुठे आहे? नक्की कुठे?"

मी म्हणालो, "गोदीजवळ."

ती तिथेच मटकन खाली बसली. शेजारधर्म म्हणून माणूस इतका कोसळत नाही, असं माझ्या मनात येऊन गेलं, पण तेव्हा विचार करायला सवड नव्हती. स्टेशनमास्तरांनी सायकलवरून धाडलेला माणूस आला होता. तार-टेलिफोन नीट चालत नाहीत, पण मुंबईहून आलेल्या गाडीतल्या लोकांनी सांगितलं : जपानी वगैरे काही नाही. गोदीत जहाजाचा स्फोट झाला. आसपासचा मुलूख पेटला आहे. माणसं मिळेल त्या गाडीने बाहेर पडताहेत. विरारला उतरू लागली आहेत आणि स्टेशनमास्तर एकटे पडले आहेत. 'गार्डसाहेबांना सांगा, जमेल तर या.'

मी बावखलातल्या लोकांकडे पाहिलं. भाषण मला येत नाही. मी म्हणालो, "दल परवाच बरखास्त झालंय. तुमच्यावर माझा हुकूम चालत नाही. ऑगस्टीनला मी पाठवलं. गुडघा माझा दुखत होता आणि गेला तो. मी उद्या सकाळी स्टेशनवर जाणार. यायचं त्याने यावं."

सायमनच्या कॉर्नेटमधून थोडं पाणी गळालं.

१५ एप्रिल, शनिवार

पहाटे अंगणात जाऊन जमण्याची शिट्टी वाजवली. शिट्टी तोंडातून काढतो तोच पाहिलं, आठहीजण अंगणात उभे. नुसते उभे नाहीत, गावातल्या तीन बैलगाड्या भरून झालेल्या, बैल जुंपलेले. पेजेचे दोन हंडे, केळीचे घड, शहाळी, फाटकी लुगडी, दोन खाटा. माझ्या शिट्टीचा परिणाम इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. लुईझा पदर खोचून गाड्यांमध्ये फिरत होती. तिचे डोळे रात्रभर जागल्यासारखे दिसत होते.

गाडीच्या मागे सालोमी सुकेळीची टोपली घेऊन चढू लागली. सहा वर्षांत प्रथमच ती आमच्या अंगणात आली होती. आमची नजरानजर झाली. काल रात्रभर मी तिच्यासाठी वाक्यं जुळवली होती. एकही आठवेना.

ती एवढंच म्हणाली, "सेबेस्टियन, माजा पोर कुठं धाडलास?"

मी मान खाली घातली. तिने मला बाजूला सारलं आणि गाडीत बसली.

इतके दिवस मी सारं दल समुद्राकडे तोंड करून उभं केलं होतं. आज आघाडी उलटी फिरवून पूर्वेला स्टेशनवर नेली. माणसं तिकडून येत होती.

गाडी आली तेव्हा डबे दिसत नव्हते, माणसंच दिसत होती. कोणाची भुवई जळालेली, कोणाच्या एकाच पायात चप्पल. एका बाईने शिवणयंत्राचं फक्त चाक छातीशी धरलं होतं. एका म्हाताऱ्याकडे पिंजरा होता, त्यात पोपट नव्हता. सगळे एकदम उतरायला बघत होते आणि उतरून कुठे जायचं ते कोणालाच माहीत नव्हतं.

या भागात विशेष लिहिण्यासारखं काही नाही. हे युद्ध नव्हतं, नुसती गर्दी होती, आणि गर्दीचं मला काही वाटत नाही. फलाटाच्या दोन्ही टोकांना माणसं ठेवली. आधी मुलंवाल्या बाया, मग जखमी, मग बाकीचे. पाणी पुढच्या टोकाला, म्हणजे लोक आपोआप पुढे सरकतात. जखमींची बैलगाडी दाराला लावली, धडधाकटांची लांब उभी केली. सायमन फाटकाजवळ उभा राहून प्रत्येक भरलेल्या गाडीला वऱ्हाडाची चाल वाजवी, की ती निघे आणि मागची पुढे येई. एक लहान पोर ती चाल ऐकून रडायचं थांबलं. दिवसभरात सात आगगाड्या आल्या. कोणी चेंगरलं नाही, कोणी हरवलं नाही. स्टेशनमास्तर माझा हात सोडेनात. मला वाटलं, त्यांना बरं वाटत नसावं.

सालोमी प्रत्येक गाडीच्या प्रत्येक डब्यात डोकावत होती. एका हाताने सुकेळी वाटायची, डोळे मात्र दुसरीकडेच. शेवटच्या गाडीनंतर तिने रिकामी टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. लुईझा तिच्या शेजारी जमिनीवर जाऊन बसली. दोघी काही बोलल्या नाहीत.

१६ एप्रिल, रविवार

आला.

तीनच्या गाडीने. मी मागच्या डब्यापाशी उभा होतो आणि पुढच्या डब्यातून एक लोखंडी टोपी उतरली. खाली माणूस होता, पण ओळखू येईना. सदरा नाही, भुवया नाहीत, तोंड कोळशासारखं. खांद्यावर स्ट्रेचरचे दोन दांडे, मधलं कापड जळून गेलेलं.

तो माझ्यासमोर आला, पाय जुळवले आणि सलाम ठोकला. "साहेब, साहित्य जमा करता आलं नाही. कोठार सापडलं नाही."

"सापडलं नाही म्हणजे?"

"म्हणजे, साहेब, राहिलंच नाही."

मी म्हणालो, "तसं लेखी द्यावं लागेल."

मला तेच सुचलं. माझी हनुवटी हलत होती आणि ती त्याने पाहू नये म्हणून मी खिशातून घड्याळ काढून बघत बसलो.

मग सालोमी आली. तिने त्याला एक सणसणीत थप्पड मारली आणि लगेच मिठी मारली. तिचं लुगडं काळं झालं. आणि पेजेच्या हंड्यापाशी ठणकन आवाज झाला. रोझलीनच्या हातातला डाव फलाटावर पडला होता. ती जागची हलली नाही. नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली, आणि तो तिच्याकडे. सायमनने कॉर्नेट तोंडाला लावलं आणि नवरी मांडवात येते ती चाल वाजवली. मी त्याला दरडावलं की आत्ता जमण्याची गरज नाही, सगळे जमलेलेच आहेत. यावर आठहीजण का हसले ते कळलं नाही.

१९ एप्रिल, बुधवार

शाळेत आणि चर्चच्या सभागृहात मिळून मुंबईहून आलेली एकशे तीस माणसं आहेत. काळूराम त्यांच्यासाठी शहाळी उतरवतो. त्यांच्यातल्या पुरुषांना त्याचं टेहळणीचं काम फार आवडलं आहे, संध्याकाळी तेही माडाखाली जमतात.

ऑगस्टीन बोलत नाही फारसं. आज विहिरीच्या काठावर बसून थोडं सांगितलं. पहिल्या स्फोटात तो कोठारापासून दोन गल्ल्या लांब होता, रस्ता चुकला होता म्हणून. डोक्यावर टोपी होती म्हणून वाचला, दुसरी त्याने एका हमालाच्या डोक्यावर घातली. मग रात्रंदिवस जखमींना स्ट्रेचरवरून इस्पितळात नेत राहिले दोघं. किती खेपा झाल्या ते त्याला माहीत नाही. भोंगा कुठे गेला तेही माहीत नाही.

मी विचारलं, "भीती वाटली?"

"वाटली ना. पण एका टोकाला धरलं की दुसऱ्या टोकाचा माणूस ओढतोच पुढे."

मी दलाचा प्रमुख होतो, पण हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

२६ एप्रिल, बुधवार

कचेरीतून विचारणा : साहित्य मुदतीत जमा का झालं नाही. उत्तर लिहिलं. 'एक टोपी एका हमालाच्या डोक्यावर आहे, नाव माहीत नाही. स्ट्रेचरचे दांडे शिल्लक आहेत. भोंगा हरवला. कोठार हरवलं. माझे नऊही जण शिल्लक आहेत.' शेवटचं वाक्य विचारलेलं नव्हतं, पण खोडवेना.

३० एप्रिल, रविवार

मिस्सा सुटल्यावर सालोमी आमच्या घरी आली. एकटी नाही. तिचा थोरला भाऊ आणि गावातले दोन वडीलधारे होते, सगळे कोट घालून. मी ओळखलं. मुलाला मरणाच्या दारात धाडल्याचा जाब विचारायला ती पंच घेऊन आली होती. रीतच आहे.

सगळे ओटीवर बसले. मी उभा राहिलो आणि सोळा दिवस जुळवलेलं भाषण सुरू केलं. म्हटलं, सालोमी, चूक माझी आहे. मी गेलो असतो तर पोराच्या भुवया राहिल्या असत्या. फणसाच्या फांद्याही मी तोडल्या, तेही विचारून करायला हवं होतं. तुम्ही चौघे जी शिक्षा द्याल ती मान्य आहे. मी माफी मागतो.

चौघे एकमेकांकडे बघू लागले. सालोमी म्हणाली, "माफी घेऊन काय करू? पोरगी दे."

"कुठली पोरगी?"

"तुला किती हायत?"

मी खाली बसलो. मग एकेक आठवू लागलं आणि कानशिलं तापली. अकरा कळश्या. विहीर. सुकेळीची पुरचुंडी. फलाटावर पडलेला डाव. ते आठजण का हसले ते. तीस वर्षं मी अर्धा मैल लांबचा सिग्नल धुक्यात ओळखला, आणि हा माझ्या अंगणात दोन महिने उभा होता.

मोठ्या माणसांसमोर एकदम हो म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून मी म्हटलं, "विचार करायला थोडा वेळ हवा."

आतून लुईझा चहाचा ट्रे घेऊन आली. सहा कप होते, सालोमीच्या कपात तिला लागते तशी जादा साखर. "विचार झालाय," ती म्हणाली. "पंधरवड्यानंतरचा सोमवार ठरलाय. फादरनाही सांगितलंय."

"केव्हा ठरलं हे?"

सालोमी म्हणाली, "आमी टोपलीपाशी बसलो होतो ना, तवा."

"पण तेव्हा तर तुम्ही दोघी एक शब्द बोलला नाहीत! आणि पोराचा पत्ता नव्हता!"

"म्हनून तर ठरवलं," सालोमी म्हणाली, आणि चहात बघत राहिली. लुईझाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

रोझलीन दाराआड होती. मी तिला बोलावून विचारलं, तुझं काय म्हणणं. ती म्हणाली, "बाबा, त्याच्या भुवया तोवर येतील ना?" मी म्हटलं, न आल्या तरी चालेल. तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली. असं ती लहानपणी मी ड्यूटीवरून यायचो तेव्हा पडायची.

४ मे, गुरुवार

शाळेतली बरीचशी माणसं परतली, काही नातेवाइकांकडे गेली. उरलेली बावीस लग्नापर्यंत राहणार आहेत. राहा असा आग्रह लुईझाने केला.

आज संध्याकाळी आमच्या अंगणात सगळे जमले. दल, सालोमीची माणसं, मुंबईची माणसं, फादरही. लुईझा पायरीवर उभी राहून कामं वाटत होती. हातात कागद नव्हता. मांडवाचे बांबू कोणी आणायचे, पाणी कोणी भरायचं, कुठली गाडी कुणाला आणायला जाणार, म्हाताऱ्या कुठे बसतील, पाऊस आलाच तर ताटं कुठे हलवायची. कोणी एक प्रश्न विचारला नाही. सगळे नुसती मान हलवत होते आणि पांगत होते. बावखलाच्या चिखलातून ती आठ माणसं त्या रात्री बाहेर कोणी काढली, पहाटे गाड्या कोणी भरवल्या, हे मी इतके दिवस या वहीत चुकीचं लिहिलं आहे. खरं लिहायचं ठरवलं होतं म्हणून इथे दुरुस्त करतो : ते लुईझाने केलं.

अंगण रिकामं झालं. मी एकटाच उभा होतो.

"माझं काय काम?" मी विचारलं.

लुईझाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही पाहुण्यांना बसवा."

"कुठे?"

"मी सांगेन तिथे."

मी पाय जुळवले आणि होकार दिला.